नाताळाचा वांटा कोणास?

वाचावयाचे शास्त्रभाग : नहेम्या 8 : 1-12, गलती 2 : 11-14.

नाताळ जवळ आला म्हणजे ख्रिस्ती घरांत करंज्या, शंकरपाळे व नानकटाई करण्याची गडबड सुरू होते. कित्येक गंभीर मनाचे बंधु समजतात कीं, असल्या खाण्यापिण्याचा विषय धर्मशिक्षणाच्या वर्गांत आणणें शोभत नाहीं. त्यांनीं नहेम्याचा आठवा अध्याय पुन्हा वाचावा.

सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशीं यरुशलेमेंत पाणीवेशीसमोर सर्व लोक जमले. एज्रा शास्त्री पहाटेपासून दोन प्रहरपर्यंत नियमशास्त्र वाचीत होता, व लेवी त्याचा अर्थ समजावून देत होते. तें ऐकून लोक रडूं लागले. तेव्हां त्यांस सांगण्यांत आलें कीं, शोक करूं नका; घरीं जाऊन गोडधोड खा, आणि ज्यांच्यासाठीं कांहीं तयार केलेलें नाहीं त्यांस वांटे पाठवा. येथें "गरिबांस द्या" असें म्हटलेलें नाहीं, हें वर्गांत अवश्य दाखवावें. चूल न पेटण्याचें कारण दारिद्र्यच असतें असें नाहीं. कोणा घरीं नुकताच मृत्यू झालेला असतो. कोठें आई अंथरुणास खिळलेली असते. कोठें एकटा म्हातारा राहतो, त्यास पीठ मळतां येत नाहीं. बाराव्या वचनाप्रमाणें लोकांनीं खरोखरच वांटे पाठविले, कारण वाचलेलें त्यांस समजलें होतें.

आतां वांटा कशाचा करावा? त्यासाठीं सावकाराच्या दारीं जाण्याचें कारण नाहीं. नानकटाई थोडक्यांत होते. (नान हा फारसी शब्द असून त्याचा अर्थ भाकरी.) मैदा 2 वाट्या, पिठीसाखर 1 वाटी व तूप 1 वाटीस थोडें कमी घ्यावें. आधीं तूप व साखर हातानें पांढरीशुभ्र होईपर्यंत फेसावीं; येथें घाई केल्यास नानकटाई दगडासारखी होते. मग मैदा व वेलदोड्याची पूड घालून हलक्या हातानें गोळे करावे. भट्टी नसली तरी अडत नाहीं. जाड पातेल्यांत वाळू पसरून तापवावी, तीवर लहान ताटलींत गोळे अंतरा-अंतरानें ठेवावे, झांकणावर निखारे घालावे व खालचा जाळ मंद ठेवावा. सुमारें 20 मिनिटांत त्या होतात. गरम असतां मऊ लागतात म्हणून अधिक भाजूं नयेत. निवल्यावर त्या खुसखुशीत होतात.

पदार्थ करणें सोपें. तो पोहोंचविणें कठीण. ख्रिस्ती झाल्यावरहि महारवाड्यांतलें ताट मांगवाड्यांत जातांना पाय अडखळतो, आणि तिकडून आलेलें ताट कधीं कधीं झांकलेलेंच राहून गुरांपुढें जातें. हें लिहितांना संकोच वाटतो, परंतु लपविण्यांत लाभ नाहीं. अंत्युखियांत पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवीत असे. याकोबाकडून कांहीं मंडळी येतांच भिऊन तो पंक्तींतून मागें सरला. पौलानें त्यास सर्वांदेखत विरोध केला. पौलानें तो प्रश्न जेवणाचा मानला नाहीं, सुवार्तेच्या सत्याचा मानला. तोच पेत्र पूर्वीं कर्नेल्याच्या घरीं गेला होता, हें विसरूं नये. एकदां जिंकलेलें भय पुन्हा डोकें वर काढतें. म्हणून उपदेशकानें वांटे पाठवा असें सांगून थांबूं नये. दुसऱ्या वाड्यांतील घरीं बसून, आलेला वांटा लोकांदेखत स्वतः खावा.

नाताळापूर्वींच्या रविवारीं पंचांनीं, ज्यांच्या घरीं कांहीं होणार नाहीं अशीं घरें मोजून ठेवावीं; मात्र तीं नांवें उपासनेंत वाचूं नयेत. आणखी एक लहानशी गोष्ट. आपल्याकडे आलेलें ताट रिकामें परत करीत नाहींत. ज्या घरीं कांहींच नाहीं त्या बाईस हें परत करावयाचें ताट ओझें होतें, व पुढल्या वर्षीं ती दारच लावून घेते. तिच्याकडे वांटा पळसाच्या पानांच्या द्रोणांतून न्यावा. द्रोण कोणी परत मागत नाहीं.