विजेच्या शिकाऊ उमेदवारीची चाचणी : तयारी कशी करावी?



माघ पौर्णिमेला कचारगडची यात्रा भरते. दरेकसा स्टेशनवर उतरून धनेगावमार्गे गुहेकडे निघालेली गोंडी बांधवांची रांग आपण पाहिली असेल. यात्रेतल्या दुकानांवर जुन्या पद्धतीच्या लहान बल्बांची माळ असेल तर त्यातला एक बल्ब गेला की सारी माळ विझते. शेजारच्या हॉटेलातला एक बल्ब गेला, तरी बाकीचे मात्र जळत राहतात. असे का होते, हे ज्याला शांतपणे समजावून सांगता येते, त्याची निम्मी तयारी झाली असे मी म्हणेन.

पण आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. इलेक्ट्रिशियनची आय.टी.आय. झालेली पुष्कळ मुले 'रेल्वे अप्रेंटिसची परीक्षा' म्हणून गाईड विकत घेतात. दरेकसा आणि सालेकसा ही आपली स्टेशने दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात येतात. हा विभाग स्वतःसाठी व मोतीबाग कारखान्यासाठी शिकाऊ उमेदवार घेतो, तेव्हा लेखी परीक्षा नसते. दहावीचे आणि आय.टी.आय.चे गुण यांची सरासरी काढून यादी लागते, आणि दहावीला किमान ५० टक्के लागतात. म्हणजे आज नववी-दहावीत असलेल्या मुलाची खरी चाचणी बोर्डाचीच आहे. हे त्याला दोन वर्षांनी कळून उपयोग नाही. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी आजच सांगावे.

शिकाऊ उमेदवारी १९६१ च्या कायद्याने चालते. ती पूर्ण झाली म्हणून नोकरी मिळालीच पाहिजे, असे तो कायदा म्हणत नाही. तरीही ते राष्ट्रीय प्रमाणपत्र जपून ठेवावे, कारण रेल्वेच्या सर्वांत खालच्या स्तरावरील भरतीत २० टक्के जागा असे प्रमाणपत्र असलेल्यांसाठी राखलेल्या असतात.

मग चाचणी असते कुठे? काही खासगी कंपन्या उमेदवार निवडताना छोटी लेखी परीक्षा घेतात. आणि पुढे रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटसाठी तर ती मोठीच असते. दोन्हींत विचारतात ते बहुतेक सारखेच : हिशेब, विजेचे मूळ नियम, आणि डोळा व लक्ष यांची परीक्षा.

हिशेबाला घाबरू नका. १२ बाया एका शेताची रोवणी ६ दिवसांत करतात, तर ९ बाया किती दिवसांत करतील? १२ गुणिले ६ म्हणजे ७२ बाया-दिवस. भागिले ९, उत्तर ८. परीक्षेत बायांच्या जागी फिटर आणि रोवणीच्या जागी वायरिंग येते, एवढाच फरक. बाया कमी झाल्या तर दिवस वाढले पाहिजेत, हे उत्तर लिहिण्यापूर्वी मनाशी ताडून पाहावे. घाईत साडेचार लिहिणारे दरवर्षी भेटतात.

आता माळेकडे वळू. ६ व्होल्टचे बल्ब २३० व्होल्टवर चालवायचे तर ते एकापुढे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडावे लागतात. २३० भागिले ६, साधारण ३८ बल्ब. करंटला वाट एकच, म्हणून एक तुटला की सारे बंद. हॉटेलातले बल्ब पॅरलल असतात. प्रत्येकाला पूर्ण २३० व्होल्ट आणि प्रत्येकाची वाट वेगळी.

यावरचा एक प्रश्न चांगल्या-चांगल्यांना चकवतो. ४० वॅट व १०० वॅटचे दोन साधे तारेचे बल्ब सिरीजमध्ये जोडून २३० व्होल्ट दिले, तर जास्त उजेड कोणाचा? बहुतेक जण १०० म्हणतात. आपण करून पाहू. रोध म्हणजे व्होल्टचा वर्ग भागिले वॅट. २३० चा वर्ग ५२,९००. म्हणून ४० वॅटच्या बल्बचा रोध १३२२.५ ओहम आणि १०० वॅटच्या बल्बचा ५२९ ओहम. बेरीज १८५१.५, म्हणजे करंट सुमारे ०.१२४ अँपिअर, आणि तो दोघांतून सारखाच वाहतो. करंटचा वर्ग गुणिले रोध केला की पहिल्याला सुमारे २० वॅट मिळतात, दुसऱ्याला जेमतेम ८. उजेड ४० वॅटच्या बल्बचा जास्त! (तार तापली की तिचा रोध बदलतो, म्हणून प्रत्यक्षात हे आकडे थोडे हलतील, उत्तर मात्र तेच.) सूत्र पाठ असलेला मुलगा इथे चुकतो, कारण करंट सारखा की व्होल्टेज सारखे, हे त्याने आधी विचारलेले नसते. प्रत्येक गणितापूर्वी हा एक प्रश्न स्वतःला विचारावा.

गावच्या डीपीचेही तसेच. ११,००० व्होल्टचे ४३३ होतात, म्हणजे गुणोत्तर सुमारे २५. व्होल्टेज इतके उतरले की त्याच प्रमाणात करंट चढतो. म्हणूनच डीपीतून गावाकडे येणाऱ्या केबल जाड असतात.

लोको पायलटच्या संगणकीय परीक्षेत चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापला जातो. चार पर्यायांपैकी डोळे झाकून निवडले तर सरासरीने हाती शून्यच येते. पण एक पर्याय नक्की चुकीचा आहे असे दिसले, तर उरलेल्या तिघांतून निवडणे फायद्याचे ठरते. काहीच सुचत नसेल तर वेळ न घालवता पुढचा प्रश्न घ्यावा.

त्यानंतरच्या अभियोग्यता चाचणीत स्मरणशक्ती, सूचना पाळणे, खोलीचा अंदाज, एकाग्रता आणि नजरेचा वेग असे पाच भाग असतात. प्रत्येक भागात किमान ४२ टी-स्कोअर लागतो, आणि ही सूट कोणत्याही प्रवर्गाला नाही. चार भागांत उत्तम आणि पाचव्यात ४१, तरी उमेदवार बाद. इथे चुकीला गुण कापत नाहीत. नमुन्याचे प्रश्न रेल्वेच्या आर.डी.एस.ओ. संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. ते सोडून महागडे क्लास लावण्याचे कारण मला तरी दिसत नाही. घरी घड्याळ लावून रोज वीस मिनिटे सराव करावा.

शेवटची गोष्ट डोळ्यांची. लोको पायलटला चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांची दूरची नजर ६/६ लागते, आणि रंग ओळखता आले पाहिजेत. माझ्या ओळखीचा एक मुलगा दोन वर्षे अभ्यास करून सगळ्या परीक्षा उतरला आणि वैद्यकीय तपासणीत त्याला कळले की हिरवा व लाल त्याला एकसारखे दिसतात. तोपर्यंत कोणीही त्याला रंगीत ठिपक्यांचा तक्ता दाखवला नव्हता. तेव्हा अर्ज भरण्याच्या आधी सरकारी रुग्णालयात जाऊन डोळे तपासून घ्यावेत, आणि नजर व रंग या दोन्हींची तपासणी करा असे तिथे स्पष्ट सांगावे.