अण्णा आणि बाया

मुलांनो, महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. स्त्रीशिक्षणासाठी ते आयुष्यभर झटले. या पाठात आपण त्यांच्या संसाराची हकिगत वाचू. कारण त्यांच्या कार्याचा बराचसा भार त्या संसाराने वाहिला.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी झाला. कोकणातील मुरूड हे त्यांचे गाव. घरची गरिबी होती. परंतु विद्येची ओढ अशी, की परीक्षेसाठी ते घाट चढून साताऱ्यापर्यंत पायी गेले होते. १८९१ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी राधाबाई निवर्तल्या. रघुनाथ हा मुलगा आईवाचून पोरका झाला.

त्या काळी पत्नी वारली, की पुरुष खुशाल दुसरे लग्न करी. परंतु पती वारलेल्या मुलीला, ती कितीही लहान असो, जन्मभर एकटे राहावे लागे. हा अन्याय अण्णांना सहन होईना. लग्न केले तर विधवेशीच करीन, असा त्यांनी निश्चय केला. नरहरपंत जोशी या त्यांच्या मित्राची बहीण गोदूबाई बालपणीच विधवा झाली होती आणि पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकत होती. ११ मार्च १८९३ रोजी अण्णांनी तिच्याशी विवाह केला. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. पुढे सारे त्यांना ‘बाया’ म्हणू लागले.

या विवाहामुळे मुरूडच्या लोकांनी अण्णांवर बहिष्कार घातला. ज्या गावासाठी जीव तुटावा, त्याच गावात परक्यासारखे व्हावे, हे दुःख लहान नव्हे. पतिपत्नींनी ते निमूटपणे सोसले.

१८९६ साली अण्णांनी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. १९०० साली तो पुण्याजवळ हिंगण्याच्या माळावर गेला. महाविद्यालयातील काम आटोपले, की अण्णा पायी हिंगण्याला जात आणि तेथील मुलींना शिकवीत. आश्रम केवळ विद्येसाठी आहे, पुनर्विवाहाशी त्याचा संबंध नाही, अशी लोकांची खात्री पटणे आवश्यक होते. त्यामुळे स्वतः पुनर्विवाह केलेल्या बायांना आरंभी त्या आश्रमापासून दूर राहावे लागले. पती विधवांसाठी घर उभारीत आहे आणि आपल्याला मात्र त्या घरात जागा नाही! बायांना याचे वाईट वाटले नसेल काय?

त्यातच अण्णांनी आपली शिल्लक आश्रमाला दिली; पुढे आयुर्विम्याची रक्कमही देऊन टाकली. घरात मुले वाढत होती. त्यांचे कसे होणार, ही काळजी बायांना होती, आणि ती रास्तच होती. पण त्या रडत बसल्या नाहीत. नागपूरला राहून त्या सुईणीचे काम शिकल्या आणि संसाराला हातभार लावू लागल्या. मुले शिकून मोठी झाली.

अण्णा मितभाषी, तर बाया स्पष्टवक्त्या. अण्णांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ साली प्रसिद्ध झाले आणि बायांचे ‘माझे पुराण’ १९४४ साली. एकाच संसाराच्या या दोन कहाण्या आहेत. बायांनी आपली गाऱ्हाणीही मोकळेपणाने लिहिली. मतभेद झाले, तरी त्यांची सोबत सुटली नाही. सत्तावन्न वर्षे ती टिकली.

१९५० साली बाया गेल्या. १९५८ साली अण्णांना शंभर वर्षे पूर्ण झाली. त्या वर्षी त्यांना ‘भारतरत्न’ हा किताब मिळाला. देशभर गौरव झाला. तो पाहायला बाया नव्हत्या. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या १०४ व्या वर्षी अण्णांनी देह ठेवला.

अण्णांनी दिले, ते जगाने पाहिले. बायांनी सोसले, ते घराच्या भिंतींनी पाहिले. महर्षींना वंदन करताना दोघांचेही स्मरण करावे.

शब्दार्थ : निवर्तणे – मरण पावणे, मितभाषी – मोजके बोलणारा, रास्त – योग्य, गाऱ्हाणे – तक्रार.

अभ्यास
१. अण्णांनी विधवेशीच विवाह करण्याचा निश्चय का केला?
२. बायांना आश्रमापासून दूर का राहावे लागले?
३. बायांची काळजी रास्त होती, असे लेखक का म्हणतो? तुमचे मत लिहा.