चौकट कोणती निवडावी?

माझे वडील गवंडी आहेत. जोते, खांब आणि तुळया पक्क्या झाल्या की आतल्या भिंती मालकाच्या गरजेप्रमाणे उभारता येतात, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. वेब फ्रेमवर्क म्हणजे संकेतस्थळासाठी तयार मिळणारे असेच जोते नि खांब होत. मागितलेले पान पाठविणे, माहिती साठविणे, सभासदाची ओळख पटविणे ही कामे बहुतेक ठिकाणी लागतात. ती प्रत्येकाने नव्याने लिहीत बसू नये, एवढ्यासाठी ही चौकट.

मग अनेक चौकटींतून जाणकार एखादी निवडतात ती कशावरून? वेगावरून, असे मला प्रथम वाटले होते. 'जँगो'ची हकीकत वाचल्यावर मत बदलले.

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचे शहर आहे. तेथील 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या वृत्तपत्रात २००३ साली एड्रियन होलोव्हॅटी व सायमन विलिसन यांनी पायथन भाषेत काम सुरू केले. वृत्तपत्राची घाई ती! नवा विभाग कधी काही दिवसांत, तर कधी काही तासांतच उभा करावा लागे. म्हणून पुन्हा पुन्हा लागणारा भाग त्यांनी वेगळा काढला. तोच जुलै २००५ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. नाव मात्र जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचे! माहितीचे तक्ते एकदा ठरवून दिले की नोंदी भरण्याची व दुरुस्त करण्याची पाने जँगो स्वतःच तयार करतो.

परंतु माझ्या लेखी मोठी गोष्ट निराळीच आहे, ती म्हणजे त्याची माहितीपुस्तिका. नवशिक्याकडून मतदानाचे एक छोटे संकेतस्थळ ती पायरीपायरीने करवून घेते. नवी सोय जोडावयाची तर तिचे लेखी स्पष्टीकरणही सोबत द्यावे लागते, असा तेथे नियमच आहे. आमच्या घरात महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. प्रवेशअर्जातील 'अनिवार्य' आणि 'ऐच्छिक' यांतला फरक विचारावयालाही घरी कोणी नव्हते. अशा मुलाला नीट लिहून ठेवलेल्या चार ओळींची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

टिकाऊपणाही तितकाच महत्त्वाचा. गूगलच्या 'अँग्युलरजेएस'वर ज्यांनी कामे उभारली, त्यांच्यापुढे २०१६ साली आलेली पुढची आवृत्ती जवळजवळ नवीच चौकट होती. पुष्कळांना बरेचसे पुन्हा लिहावे लागले. जँगोत जुनी पद्धत काढण्यापूर्वी निदान दोन आवृत्त्या आधी सूचना मिळते.

मतदानाच्या त्या धड्यावरून मी गावच्या वाचनालयासाठी पुस्तकांची नोंदवही तयार केली. वडिलांना दाखविली. ते म्हणाले, "हे बिघडलं तर तुझ्याशिवाय कुणाला नीट करता येईल का रे?" त्या रात्री बसून मी तिची माहिती वहीत लिहून काढली. सहा पाने झाली.