मोठ्या हॉटेलात आई-अण्णांना नेताना

तुम्ही दोघं आई-अण्णांच्या लग्नाच्या सुवर्णमहोत्सवाला त्यांना युरोपियन पद्धतीच्या मोठ्या हॉटेलात नेणार, हे ऐकून मला फार बरं वाटलं. जरूर न्या. ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांची पानं वाढली, त्यांना कुणी तरी मानानं बसवून वाढायलाच हवं. पण अशा ठिकाणी पाण्यासारखा पैसा जातो आणि माणसं हिरमुसली होऊन परततात, हे मी आपल्याच नात्यात पाहिलंय. म्हणून चार गोष्टी सांगते, त्या ध्यानात ठेवा.

आपल्याकडे नारायण नागबळीच्या विधीला यजमान आले की तीन दिवस त्यांचं जेवण आपल्याच घरी असतं. कुणी आंध्रातलं, कुणी गुजरातमधलं. चुलीवर भांडं चढण्याआधी आपण काय विचारतो? कुणाला साखर आहे का, तिखट कितपत चालतं, लहान मूल काय खाईल, उपास कुणाचा आहे. मोठ्या हॉटेलातलं स्वयंपाकघरही याच माहितीवर चालतं, फक्त तिथे ती आपण होऊन द्यावी लागते. टेबल राखून ठेवायला फोन कराल तेव्हाच सगळं सांगा. चौघे पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही, अण्णांना मधुमेह, आईंना कडक चावत नाही. आयत्या वेळी वेटरला सांगितलं तर आचारी पदार्थातून काही तरी काढून टाकतो, आणि पैसे पूर्ण पदार्थाचेच पडतात. आदल्या दिवशी सांगितलं तर मनापासून करणारा आचारी वेगळं काही तरी रांधतो.

शाकाहाराबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त मनस्ताप तिथेच होतो. मुंबईतल्या एका बड्या हॉटेलात तुमच्या काकांनी मशरूमचं सूप मागवलं. दोन चमचे घेतल्यावर त्यांना वास वेगळा वाटला. विचारलं तर वेटर म्हणाला, ‘व्हेजच आहे सर, चिकनचे तुकडे नाहीत.’ रस्सा मात्र कोंबडीच्या हाडांचा होता. काका चमचा ठेवून उठले आणि त्या रात्री काहीच जेवले नाहीत. तो मुलगा खोटं बोलत नव्हता. त्याला ‘व्हेज’ म्हणजे काय, हे कुणी शिकवलंच नव्हतं, आणि एवढे पैसे घेणाऱ्या जागेचा हा दोष मी मोठा मानते. म्हणून ‘व्हेज आहे का’ एवढंच विचारून थांबू नका. सूप आणि रिसोट्टो कशाच्या रश्शात शिजवलंय ते विचारा. पन्ना कोटासारख्या थरथरत्या गोड पदार्थात जिलेटिन असतं, आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये बहुधा अँकोव्ही नावाची मासळी आणि अंडं असतं. इटलीतलं अस्सल पार्मेजान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनं विरजतात, तेव्हा इथे कोणतं वापरलंय तेही विचारा. काही सॉसमध्ये वाइन घालतात. वेटरला उत्तर ठाऊक नसेल तर त्याला आत जाऊन विचारून यायला सांगा. त्यात संकोच कसला?

काही गोष्टी मात्र बिघडलेल्या वाटतात, पण मुळात तशाच असतात. रिसोट्टोचा भात सैलसर आणि मध्ये किंचित दाताला लागणारा असतो. पास्ताही थोडा कणखर ठेवतात. गाझपाचो हे टोमॅटोचं सूप थंडच वाढतात. आईंना मऊ वरण-भाताची सवय, त्यांना हे कच्चं वाटेल, म्हणून त्यांच्यासाठी नीट शिजवायला आधीच सांगा. पण गरम सूप कोमट आलं, सॉस फुटलेला असला, चौघांची पानं एकदम न येता दोघं जेवताहेत आणि दोघं बघत बसलेत असं झालं, तर तो दोष आहे आणि तो बोलून दाखवायचा आपला हक्क आहे. पंगतीत एखादं पान रिकामं दिसलं तर आपला वाढपी धावतो. मी अशा हॉटेलाची पारख याच एका गोष्टीवरून करते. भिंतीवरची चित्रं आणि काचेची झुंबरं मी मोजत नाही.

टेस्टिंग मेन्यू घेणार असाल तर किती पदार्थ आणि किती वेळ, हे दोन्ही विचारा. सात-आठ घासभर पदार्थ एकामागून एक येतात आणि दोन-तीन तास सहज जातात. अण्णांची गोळी किंवा इन्शुलिन जेवणाच्या वेळेशी बांधलेलं असेल तर पहिला पोटभरीचा पदार्थ कधी येणार ते कळल्याशिवाय घेऊ देऊ नका. माझं मत विचाराल तर म्हाताऱ्या माणसांसाठी हा प्रकार नकोच. मेन्यूतून दोन-तीन पदार्थ निवडा, प्लेटमध्ये किती नग येतात ते विचारा आणि मध्ये ठेवून वाटून खा.

काटा आणि सुरी ताटलीत शेजारी शेजारी ठेवली की जेवण झालं असं समजून ताटली उचलतात. नुसतं पाणी प्यायला थांबलात तर ती तिरकी, एकमेकांपासून दूर ठेवा. आईंना हे घरीच दाखवा. आणि हातानं खावंसं वाटलं तर त्यांनी खुशाल खावं.

आता पैशाचं. बसल्या बसल्या ‘पाणी कोणतं?’ असं विचारतील. साधं फिल्टरचं हवं असेल तर तसं स्पष्ट म्हणा, नाही तर परदेशी बाटली उघडली जाते. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली हॉटेलांना पाण्याच्या बाटलीला छापील किमतीहून जास्त दर लावायची मोकळीक दिली आहे, तेव्हा त्यावर नंतर वाद घालून उपयोग नाही. मेन्यूतल्या किमतीवर कर वेगळा असतो. साध्या रेस्टॉरंटात जीएसटी ५ टक्के, पण ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर जातं तिथे जेवणावरही १८ टक्के. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच तो आपोआप बिलात घालायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. ५,००० रुपयांच्या जेवणावर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्या सगळ्यावर १८ टक्के कर धरला तर बिल ६,४९० होतं. सर्व्हिस चार्ज काढायला सांगितला तर ५,९००. सेवा मनापासून झाली असेल तर त्या पोराच्या हातात स्वतः पैसे ठेवा, ते त्याला नक्की पोचतात.

नाशिकजवळ गंगापूर-सावरगावच्या बाजूला वाइनरींमुळे अशी ठिकाणं वाढलीत. तुमच्या पिढीत वाइन घेतात, त्यावर मी काही बोलणार नाही. फक्त बाटली उघडण्याआधी तिची किंमत यादीत बोट ठेवून पाहा. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण पाच ग्लास होतात, तेव्हा एकट्यासाठी ग्लासच मागवा. आणि गाडी चालवणाऱ्यानं थेंबही घ्यायचा नाही.

तक्रार पहिल्या घासाला करा. अर्धी ताटली संपवून मग बोललात तर तुमचं म्हणणं कुणी मनावर घेत नाही. आवाज चढवू नका, मॅनेजरला बोलावून काय चुकलं ते एका वाक्यात सांगा आणि बदलून द्यायला सांगा. चांगलं हॉटेल लगेच बदलतं. सर्व्हिस चार्ज काढायलाच नकार दिला तर बिल जपून ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. आई-अण्णांसमोर वाद वाढवू नका, त्यांचा दिवस आहे तो. काही कमी पडलं तर त्यांना वाटू देऊ नका की आपल्यापायी मुलांचे पैसे वाया गेले. अण्णा नंतर महिनाभर तेच बोलत राहतील.

तारीखही पाहून ठरवा. श्रावणी सोमवार नको, आणि तिसरा तर मुळीच नको. त्या दिवशी ब्रह्मगिरीच्या फेरीला लाखो लोक येतात आणि खासगी गाड्या आपल्या गावाबाहेरच अडवतात. रात्री नाशिकहून परतताना दोघा म्हाताऱ्यांना तेवढं अंतर चालवणार नाही. एखादा आडवार धरा आणि दुपारच्या जेवणाचं टेबल मागा. गर्दी कमी असते, बऱ्याच ठिकाणी दुपारचा मेन्यू स्वस्त असतो, आणि दिवेलागणीच्या आत सगळे घरी असाल.