जॅकेट घरी, कोरडे कपडे पिशवीत

प्रश्न : जानेवारीत गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीकडे तीन दिवसांचं पायी शिबिर आहे. वनविभागाची परवानगी मिळाली आहे, मुक्काम तंबूत. जाड जॅकेट घेऊ का?

उत्तर : नको. तिकडे दिवसा पारा तिशीच्या घरात जातो, पहाटे बराच खाली येतो. जाड जॅकेट चालताना अंगावर राहत नाही आणि अर्धी पिशवी खातं. पूर्ण बाह्यांचा सदरा, त्यावर स्वेटर, वर वारा अडवणारं पातळ जर्किन, एवढं पुरे.

खरा घात घाम करतो. ओलं सुती बनियन दिवस मावळताच अंग गार पाडतं. मुक्कामी पोचल्यावर चहाच्याही आधी ते बदला. झोपायचा एक जोड, मोजे आणि कानटोपीसकट, प्लास्टिकच्या पिशवीत वेगळा ठेवा. कितीही मोह झाला तरी तो घालून चालायचं नाही.

रात्री जमीन अंगातली ऊब ओढून घेते. दोन पांघरुणं असतील तर एक खाली घाला. धानाचं तणस उबदार खरं, पण स्क्रब टायफस पसरवणारे बारीक किडे गवतात असतात, म्हणून त्यावर ताडपत्री हवीच. तंबू पूर्ण बंद करू नका. श्वासाची वाफ आतून ठिबकते आणि पांघरूण ओलावतं.

गडचिरोली मलेरियाचा जिल्हा, तेव्हा मच्छरदाणी आणि संध्याकाळी पूर्ण बाह्या विसरू नका. शेकोटी मात्र वनरक्षक दाखवील तिथेच. राखीव जंगलात बेजबाबदारपणे आग पेटवणं १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे.