रुग्णनोंदींची किल्ली कोणाकडे?

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार आंतररुग्णाच्या नोंदी उपचारारंभापासून ३ वर्षे जतन कराव्या लागतात व मागणी झाल्यास ७२ तासांच्या आत द्याव्या लागतात. नोंदी संगणकात गेल्या म्हणून हे दायित्व विक्रेत्याकडे जात नाही. बालरोगतज्ज्ञाला तर लसीकरणाची नोंद आणि वाढीचा आलेख याहून कितीतरी अधिक काळ लागतो. वार्षिक शुल्क थकताच उघडेनाशी होणारी प्रणाली म्हणूनच केवळ गैरसोयीची नव्हे, तर रुग्णहिताला बाधक ठरते.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘जीएनयू’ प्रकल्प जाहीर केला. सॉफ्टवेअर वापरण्याचे, अभ्यासण्याचे, बदलण्याचे आणि वाटण्याचे स्वातंत्र्य वापरणाऱ्याला असावे, हा त्यामागील विचार. ‘ओपनएमआरएस’ ही याच परंपरेतील रुग्णनोंद प्रणाली. तिच्यावर बेतलेली ‘बहमनी’ छत्तीसगडमधील गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोगाच्या ग्रामीण रुग्णालयात प्रथम रुजली. नोंदींचा मुख्य संगणक रुग्णालयातच असल्यास इंटरनेट खंडित झाले तरी काम थांबत नाही.

मात्र मुक्त म्हणजे विनाखर्च नव्हे, देखभाल हवीच. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ हल्ल्याने ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत झाले. त्यावरील सुरक्षा-दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध होती. ती वेळेवर बसवली गेली नव्हती.

तेव्हा खरेदीपूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत. सर्व नोंदी सर्वमान्य स्वरूपात बाहेर काढता येतील का? करार संपल्यावरही त्या वाचता येतील का? त्यांची अद्ययावत प्रत आपल्या ताब्यात राहील का? तिन्ही उत्तरे लेखी व होकारार्थी मिळेपर्यंत कागदी नोंदवही बंद करू नये.