संकेतस्थळाचे काम बाहेर देताना

नागपुरात सीताबर्डीच्या दक्षिणेस, वर्धा मार्गालगत धंतोली वसली आहे. एके काळी प्रामुख्याने निवासी असलेल्या या भागात आज रुग्णालये, दवाखाने आणि निदान केंद्रे यांची दाटी झाली आहे. विदर्भाच्या जिल्ह्यांतून, तसेच शेजारच्या मध्य प्रदेश व छत्तीसगडमधूनही रुग्ण नागपूरला येतात. डॉक्टरांची भेटीची वेळ, दवाखान्याचा पत्ता, उपलब्ध सोयी ही माहिती परगावचा रुग्ण घरून निघण्यापूर्वीच मोबाइलवर पाहू लागला आहे. त्यामुळे दारावरच्या पाटीइतकीच संकेतस्थळाचीही गरज निर्माण झाली आहे.

लहान रुग्णालयाला किंवा वकिलाच्या कार्यालयाला केवळ या कामासाठी पगारी संगणक अभियंता ठेवणे परवडत नाही. हे काम बहुधा स्वतंत्रपणे व्यवसाय करणाऱ्या तरुणांकडे, म्हणजेच फ्रीलान्सरकडे सोपविले जाते. नागपुरात अशा मनुष्यबळाची उणीव नाही. १९६० मध्ये स्थापन झालेले आणि आज विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखले जाणारे महाविद्यालय, २०१६ पासूनची भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्था आणि मिहान प्रकल्पातील संगणक कंपन्या यांमुळे या क्षेत्रातील शिक्षण व अनुभव शहरातच उपलब्ध झाला आहे. काम करणारे हात आहेत. उणीव आहे ती व्यवहाराच्या शिस्तीची.

मालकी कोणाची?

एक उदाहरण कल्पनेने घेऊ. एका डॉक्टरांनी ओळखीतील तरुणाकडून संकेतस्थळ करून घेतले. बोलणी तोंडी झाली, पैसे पूर्ण चुकते झाले. संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, त्या तरुणाने सोयीसाठी स्वतःच्याच खात्यातून घेतले. दोन वर्षांनी तो नोकरीनिमित्त बंगळूरला गेला. नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ई-मेलवर गेली, ती कोणी पाहिली नाही आणि एके दिवशी संकेतस्थळ बंद पडले. येथे कोणाचाही हेतू वाईट नव्हता. दोष होता तो लेखी कराराच्या अभावाचा.

‘पैसे दिले, म्हणजे वस्तू आपली झाली,’ ही समजूत या व्यवहारात पुरेशी ठरत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ अन्वये संगणक प्रणालीची गणना साहित्यकृतीत होते. नोकरीत असलेल्या कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या प्रणालीचा पहिला हक्क, वेगळा करार नसल्यास, मालकाकडे जातो. स्वतंत्र व्यावसायिक मात्र नोकर नसतो. म्हणून त्याने लिहिलेल्या प्रणालीचा पहिला हक्क त्याच्याकडेच राहतो. मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राच्या बाबतीत, वेगळा करार नसल्यास, कायदा हक्क काढवून घेणाऱ्यास देतो. संगणक प्रणालीला ती सवलत नाही.

हा हक्क हस्तांतरित करावयाचा असल्यास तो लेखी असावा लागतो आणि त्यावर हक्क देणाऱ्याची स्वाक्षरी आवश्यक असते. लेखात कोणती कृती, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि किती मोबदला हे स्पष्ट असले पाहिजे. मुदत न लिहिल्यास हस्तांतर पाच वर्षांपुरते समजले जाते, तर प्रदेश न लिहिल्यास ते भारतापुरते मानले जाते. एका वाक्याच्या अभावी सहाव्या वर्षी वाद उभा राहू शकतो, तो असा. व्यावसायिकाने स्वतः न लिहिलेला, वर्डप्रेससारख्या मुक्त प्रणालीतून घेतलेला भाग मात्र त्या त्या परवान्यानुसारच वापरता येतो. असा भाग कोणता, याची यादीही करारास जोडावी.

किल्ल्या आपल्या हाती

कायद्याइतकेच महत्त्व प्रत्यक्ष ताब्याला आहे. डोमेन पहिल्या दिवसापासून संस्थेच्या नावे आणि संस्थेच्या ई-मेलवर नोंदवावे. होस्टिंगचे खाते संस्थेचे असावे. व्यावसायिकाला कामापुरता प्रवेश द्यावा व काम संपल्यावर पासवर्ड बदलावेत. सोर्स कोड आणि माहितीसाठ्याची प्रत ठरावीक काळाने संस्थेकडे जमा व्हावी. मराठी मजकूर चित्ररूपात किंवा जुन्या फॉन्टमध्ये न ठेवता युनिकोडमध्ये असावा, म्हणजे तो शोधात सापडतो आणि पुढे कोणालाही बदलता येतो.

रुग्णांच्या भेटीच्या नोंदी संकेतस्थळावरून घेतल्या जात असतील, तर जबाबदारी आणखी वाढते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे तत्त्व असे की, काम दुसऱ्याकडे सोपविले तरी माहितीच्या सुरक्षिततेची जबाबदारी संस्थेचीच राहते आणि असे काम वैध करारानेच सोपवावे लागते.

दोन्ही पक्षांचे हित

लेखी करार हा केवळ काम देणाऱ्याच्या संरक्षणासाठी नसतो. ‘एवढा छोटासा बदल करून द्या,’ असे म्हणत काम वाढत जाते आणि रक्कम तीच राहते, ही फ्रीलान्सरची नित्याची अडचण होय. म्हणून पाने किती, दुरुस्तीच्या फेऱ्या किती, मजकूर कोण देणार, काम पूर्ण झाले हे कोणत्या कसोटीवर ठरणार, हे आधीच लिहावे. मोबदला टप्प्यांनी द्यावा: काही भाग आरंभी, काही आराखडा मंजूर झाल्यावर, काही चाचणीनंतर आणि शेवटचा भाग सर्व खाती व सोर्स कोड हाती आल्यावर.

सूक्ष्म किंवा लघुउद्योग म्हणून ‘उद्यम’ नोंदणी केलेल्या व्यावसायिकास २००६ च्या कायद्याचा आधार आहे. त्यानुसार करारात लिहिलेली देयकाची मुदत ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही. लेखी मुदत नसल्यास १५ दिवसांत रक्कम द्यावी लागते. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देय होते. व्यावसायिकाने अन्य कोणाचेही काम करू नये, अशी मनाई मात्र करारात घालण्याचा मोह टाळावा. व्यवसायास प्रतिबंध करणारी अट १८७२ च्या करार कायद्यानुसार सामान्यतः निरर्थक ठरते. गोपनीयतेची अट घालणे मात्र योग्य होय.

निवड करताना कमी दर हा एकमेव निकष नसावा. संबंधिताने पूर्वी केलेली, प्रत्यक्ष चालू असलेली संकेतस्थळे पाहावीत, त्या ग्राहकांशी बोलावे आणि प्रथम एखादे छोटे काम मोबदला देऊन करवून घ्यावे.

घर बांधताना नकाशा, करारपत्र आणि पावत्या जपून ठेवण्याची सवय समाजात रुजली आहे. संकेतस्थळ हेही आता संस्थेचे दुसरे घर झाले आहे. दोन पानांचा सुस्पष्ट करार आणि स्वतःच्या हाती असलेल्या किल्ल्या एवढी दक्षता घेतल्यास काम देणाऱ्याला निश्चिंतता लाभेल आणि आपल्याच शहरात राहून व्यवसाय करू इच्छिणाऱ्या तरुणाला त्याच्या श्रमाचे मोल वेळेवर मिळेल.